पगार घेऊन केलेल्या कामाला सन्मान मागावा का?

ओंजळ
नमस्कार मंडळी. आठवडाभर मनात घोळणारा प्रश्न मांडते.

आमच्या ओळखीत एक नर्सबाई आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. एकाच उपकेंद्रात त्यांनी एकोणतीस वर्षं काढली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पिशवी डोक्यावर धरायची, साडी खोचायची आणि पलीकडे जायचं, कारण पलीकडे कुणीतरी अडलेली असायची. चार वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्याच हातावर जन्मलेली एक मुलगी आता शिक्षिका आहे. बाईंचं नाव पद्म पुरस्कारासाठी पाठवायचंच, असा तिने हट्ट धरला आहे. मी थोडंफार लिहिते म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं.

बाईंना विचारायला गेले तर म्हणाल्या, "अगं, पगार घेतला ना मी त्याचा?"

या वाक्यापाशी मी थांबले आहे. बाई बरोबर बोलताहेत की चूक, तेच मला ठरवता येत नाही. सैनिकाला पगार असतो, पोलिसाला असतो, विमानातल्या सेविकेलाही असतो. मग कर्तव्य कुठे संपतं आणि सन्मान कुठे सुरू होतो? आणि ही रेघ ओढतं कोण? ज्यांनी पदकं जवळून पाहिली आहेत, शिफारशी लिहिल्या आहेत, त्यांनी कृपया लिहा.

तळटीप
आधी प्रक्रिया सांगतो, मग मत.

पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. पहिल्या वर्षी नावं वेगळी होती. पद्मविभूषण हा एकच पुरस्कार होता आणि त्याचे पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग असे भाग होते. पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री ही रचना १९५५ च्या जानेवारीत आली. आता नामांकन सगळ्यांना खुलं आहे. कुणीही नागरिक संकेतस्थळावर कुणाचंही नाव सुचवू शकतो, अगदी स्वतःचंही. दरवर्षी पंतप्रधान एक समिती नेमतात. मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा नामवंत व्यक्ती सदस्य असतात. मरणोत्तर आणि परदेशस्थ सोडून वर्षाला १२० पेक्षा जास्त पुरस्कार देत नाहीत. मिळते ती राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक. रोख रक्कम नाही, रेल्वे-विमानाची सवलतही नाही.

सरकारी नोकरीत असताना डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून इतरांना हे पुरस्कार मिळत नाहीत. तुमच्या बाई निवृत्त आहेत, म्हणजे ती अडचण राहिली नाही.

आता तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट. पद्मच्या निकषांतच लिहिलं आहे की केवळ प्रदीर्घ सेवा पुरेशी नाही, सेवा विशेष हवी. क्षेत्रातलं प्रावीण्यही पुरत नाही, त्याच्या पुढचं काहीतरी दिसायला हवं. एकोणतीस वर्षं हा तुमचा मुद्दा असेल तर अर्ज तिथेच अडेल. ओढा हा मुद्दा असेल तर पुढे जाईल. आणि सगळं ८०० शब्दांत बसवायचं आहे.

चकोर
बाईंचं ते एक वाक्य आठशेत पहिलं घाला. +१

अनवट
मी वेगळं मत मांडतो. बाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून.

आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले. लष्करी आणि शैक्षणिक बहुमान तेवढे वगळले. त्यामागे कारण होतं. रावबहादूर, खानबहादूर या पदव्यांनी माणसं सरकारला कशी बांधली जातात, हे त्या पिढीने पाहिलं होतं. पद्म पुरस्कार १९७७ ते १९८० या काळात बंद होते. पुढे न्यायालयात प्रकरण गेल्यामुळे १९९२ ते १९९५ पुन्हा थांबले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे किताब नव्हेत, पण नावाच्या पुढेमागे लावायचे नाहीत. तरी आपण निमंत्रणपत्रिकांवर बिनदिक्कत 'पद्मश्री अमुक' छापतो. म्हणजे किताबांची ओढ आपल्यातून गेलेली नाही.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. बाई एकोणतीस वर्षं कंबरभर पाण्यातून गेल्या, याचा अर्थ एकोणतीस वर्षं त्या ओढ्यावर कुणी साकव बांधला नाही. राज्याने आधी साकव द्यावा, उपकेंद्राला दुसरी नर्स द्यावी. पदक दिलं की त्या उणिवेवर पांघरूण पडतं. एका व्यक्तीचं धैर्य दाखवायचं आणि तिला धैर्य का दाखवावं लागलं, ते विचारायचंच नाही.

पायवाट
अनवट, साकवाचा मुद्दा मनापासून पटला. पण साकव झाला नाही म्हणून बाईंचं काम नोंदवायचंही नाही, हे नाही पटत. उलट सनदेच्या निमित्ताने 'ओढ्यावर साकव नव्हता' हे वाक्य सरकारी कागदावर तरी येईल.

सुभेदार_निवृत्त
ओंजळताई, पगाराचं मी सांगतो. अठ्ठावीस वर्षं पगार घेतला आहे.

रामा राघोबा राणे यांचं नाव ऐकलं असेल. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे सैन्य निघालं होतं. वाटेत सुरुंग पेरलेले, झाडं तोडून आडवी टाकलेली, पूल उडवलेले, आणि वरून तोफांचा मारा. पहिल्याच दिवशी साथीदार पडले, राणे स्वतः जखमी झाले. तरी चार दिवस सुरुंग काढत, रस्ता करत ते पुढे सरकत राहिले आणि त्यांच्या मागून रणगाडे गेले. परमवीर चक्र मिळालं.

आता बघा, सुरुंग काढणं हे सॅपरचं रोजचं काम. त्यासाठीच त्याला भरती करतात, शिकवतात, पगार देतात. दुसऱ्याचं काम केलं म्हणून राण्यांना चक्र नाही मिळालं. आपलंच काम केलं म्हणून मिळालं. फक्त जिथे थांबलं असतं तर कुणी एका शब्दाने बोललं नसतं, तिथे ते थांबले नाहीत. जखमी माणूस मागे जाऊ शकतो. कुठल्याही नियमाने त्याला दोष लागत नाही.

तुमच्या बाईंना हाच प्रश्न विचारा. ओढ्याला पाणी असताना गेल्या नसत्या तर कुणी मेमो दिला असता का? नसता दिला. मग पगार ओढ्याच्या अलीकडे संपला. पलीकडचं त्यांचं स्वतःचं.

शब्दवेडी
सुभेदारकाका, "पगार ओढ्याच्या अलीकडे संपला" हे वहीत लिहून घेतलं.

तळटीप
राणे यांच्याबद्दल एक भर. परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळालं आणि त्यातले १४ मरणोत्तर आहेत. पदक स्वतःच्या छातीवर लावून घ्यायला सातच जण मागे राहिले आणि राणे त्यांतले एक. या सातांपैकी दोघांचं पदक आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झालं होतं. १९६२ साली मेजर धनसिंग थापा यांना मृत धरलं गेलं. प्रत्यक्षात ते युद्धकैदी होते आणि १९६३ मध्ये परतले. कारगिलनंतर योगेंद्रसिंह यादव यांचं नावही मरणोत्तर म्हणून आलं. मग कळलं की त्याच नावाचा दुसरा जवान धारातीर्थी पडला आहे आणि हे रुग्णालयात बरे होताहेत. वय १९.

लामणदिवा
हा धागा वाचून माझ्या भावाचं लिहावंसं वाटलं.

तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. विहिरीत दोन लहान मुलं पडली आणि त्याने उडी टाकली. पोहायला येत होतं, पण विहिरीला पायऱ्या नव्हत्या. एकाला दोराने वर पाठवलं. दुसऱ्याला खांद्यावर धरून तो पाऊण तास कपारीला हाताने लोंबकळत राहिला. दोन्ही मुलं वाचली. भावाच्या उजव्या खांद्याची शीर तेव्हापासून दुखावलेली आहे, ओझं उचलता येत नाही.

चार दिवस लोक घरी येत राहिले, मग थांबले. तीन-चार वर्षांनी एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारलं, "जीवन रक्षा पदकासाठी पाठवलं होतं का?" असं काही पदक असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. चौकशीला गेलो तर घटना जुनी झाली होती. संबंधित कार्यालयातल्या कारकुनाने नीट उत्तरही दिलं नाही.

भाऊ कधी एका शब्दाने बोलला नाही. पण आई गेली तेव्हा तिच्या पेटीत एक कागद सापडला. वाचलेल्या मुलाच्या वडिलांनी त्या आठवड्यात लिहून दिलेलं साधं आभाराचं पत्र. घडीवर घडी घालून ठेवलेलं. आमच्या घरातली सनद तीच.

म्हणून ओंजळ, तू अर्ज कर. बाई नको म्हणाल्या तरी कर.

तळटीप
लामणदिवा, वाचून थांबलो जरा.

इतरांना उपयोग व्हावा म्हणून लिहितो. जीवन रक्षा पदक १९६१ पासून आहे. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक अशा तीन पायऱ्या. बुडताना, आगीत, अपघातात, दरड कोसळताना, वीज लागताना दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्या कोणालाही मिळतं. शिफारस राज्य सरकारांकडून आणि केंद्राच्या खात्यांकडून जाते, म्हणजे सुरुवात बहुधा जिल्ह्याच्या कचेरीतून होते. घटना ताजी असतानाच प्रस्ताव गेला पाहिजे. पंचनामा, पोलिसांची नोंद, वाचलेल्या माणसाचा जबाब, डॉक्टरांचा कागद त्याच आठवड्यात गोळा करा. पदकाचा विचार मनात नसला तरी करा.

अनवट
लामणदिवा, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

तुमच्या अनुभवाने माझं म्हणणं अजून पक्कं झालं, हेही सांगतो. ज्याच्या घरी कागद गोळा करणारं कुणी असतं त्याला पदक, ज्याच्या घरी नसतं त्याला पेटीतलं पत्र. मग राष्ट्र नेमका कशाचा सन्मान करतं?

सुभेदार_निवृत्त
अनवटसाहेब, हा प्रश्न फौजेतही आहे. टाळत नाही, सांगतो.

पदकाची शिफारस वरिष्ठ लिहितो. कुणी पाहिलं, काय पाहिलं, किती वाजता, किती अंतरावरून, हे सगळं त्यात लागतं. आमच्यात त्याला सायटेशन म्हणतात. पाहणारेच उरले नाहीत तर सायटेशन कोण लिहिणार? आमच्या तुकडीत एक पोरगा होता. रात्री जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन त्याने नाला पार केला. जोडीदार सकाळपर्यंत गेला. ज्या अधिकाऱ्याला सगळं माहीत होतं तो दुसऱ्याच दिवशी जखमी होऊन मागे गेला आणि बरेच महिने शुद्धीत नव्हता. त्या पोराच्या छातीवर त्या रात्रीची एकही फीत नाही. मी नाल्याच्या या तीरावर होतो. आवाज ऐकला होता, पाहिलं काहीच नव्हतं. लिहायला बसलो तेव्हा मला खरं तेवढंच लिहिता आलं, आणि तेवढ्याने भागलं नाही. आजही ते मला लागतं.

लडाखमधली रेझांग ला खिंड घ्या. १८ नोव्हेंबर १९६२, चीनशी युद्ध. मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, सुमारे १२० माणसं. बहुतेक सगळे तिथेच पडले. जे मोजके परत आले त्यांनी हकिगत सांगितली, तर सुरुवातीला लोकांना खरी वाटेना. काही महिन्यांनी बर्फात देह सापडले. हत्यारं हातात तशीच, मोर्च्यांत तसेच. तेव्हा सगळ्यांची खात्री पटली. बर्फाने साक्ष दिली म्हणून ती लढाई आज आपल्याला माहीत आहे.

म्हणून मी म्हणतो, ज्याला लिहिता येतं त्याने लिहावं. न मिळालेल्यांचा मान त्याने कमी होत नाही.

शब्दवेडी
थोडं अवांतर, पण राहवत नाही.

परमवीर चक्राचं पदक ज्यांनी रेखलं त्या सावित्रीबाई खानोलकर. मूळच्या युरोपातल्या, १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या. भारतीय सैन्यातले अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. पदकासाठी त्यांनी इंद्राचं वज्र निवडलं. वज्र कशाचं, तर दधीचीने स्वतःहून दिलेल्या हाडांचं. मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं. धातू साधा, कांस्य. फीत जांभळी, तिच्यावर काही नक्षी नाही.

आणि पहिलं परमवीर चक्र कुणाला? मेजर सोमनाथ शर्मा यांना, मरणोत्तर. ३ नोव्हेंबर १९४७, बडगाम. हात प्लास्टरमध्ये असताना लढले. सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे ते दीर. घरातल्याच माणसासाठी आपण पदक रेखतो आहोत असं रेखताना त्यांच्या मनातही आलं नसेल. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ मी त्या पदकाच्या फोटोकडे बघत बसले होते.

पायवाट
फार सुंदर, शब्दवेडी.

मला एक खटकतं ते विचारतो. पदकांच्या अधिकृत क्रमात भारतरत्न, मग परमवीर चक्र, मग अशोक चक्र, मग पद्मविभूषण असं आहे. इथपर्यंत ठीक. पण खाली गेलं की पद्मश्री ही वीर चक्राच्या वर लागते. शौर्य चक्राच्याही वर. युद्धात जीव पणाला लावणाऱ्याच्या आधी गायक, खेळाडू, उद्योजक. हे कसं?

सुभेदार_निवृत्त
पायवाट, तो क्रम पदकं छातीवर कशी मांडायची याचा आहे, माणसांचा नाही. आमच्या पलटणीत वीर चक्रवाला समोर आला की जनरलचीही मान आदराने लवते. मला खटकतं ते दुसरंच. परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्याही वर लागतं. ते वरिष्ठांच्या दीर्घ, उत्तम सेवेचं पदक आहे, त्याचा मान आहेच. पण महावीर चक्र त्याच्या खाली असावं हे मला आजवर पटलेलं नाही. हे बदलावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पायवाट
मग आपलं एकमत आहे. मी फक्त तुमच्याइतक्या शांतपणे म्हणत नव्हतो.

खडू_फळा
शाळेत शिकवतो म्हणून मुलांच्या बाजूने लिहितो.

२ ऑक्टोबर १९५७ ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम चालू होता, पंडित नेहरू बसले होते. मांडवाला आग लागली. हरिश्चंद्र मेहरा हा चौदा वर्षांचा बालवीर वर चढला आणि त्याने आपल्या चाकूने कनात कापून लोकांना वाट करून दिली. त्यातूनच मुलांसाठीच्या राष्ट्रीय शौर्य पुरस्कारांची सुरुवात झाली.

ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो, पण सांगताना धाकधूक असते. वर्गातल्या एखाद्या मुलाने पोहता येत नसताना तळ्यात उडी मारली तर? एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, मरण आलं की चक्र मोठं मिळतं का?" त्या दिवसापासून मी बचावाची गोष्टही सांगतो. दोर कसा टाकायचा, आधी हाक कुणाला मारायची, वीज लागलेल्याला हात का लावायचा नाही. मेहराने आगीत उडी घेतली नाही, कनात कापली. डोकं शाबूत ठेवून केलेलं ते धैर्य होतं. पुरस्कारांच्या बातम्यांत हा भाग नेमका गळतो. तो छापला पाहिजे.

चकोर
खडू_फळा, त्या मुलीचा प्रश्न आज झोपू देणार नाही.

ओंजळच्या मूळ प्रश्नाला धरून तीन नावं लिहितो. तिघंही पगारी.

नीरजा भनोत, विमानातल्या प्रमुख सेविका. ५ सप्टेंबर १९८६, कराची. अपहरण झालेल्या विमानातून प्रवाशांना बाहेर काढताना गोळ्या लागून गेल्या. वय २२. अशोक चक्र. कमलेशकुमारी, केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शिपाई. १३ डिसेंबर २००१, संसदेचं दार. हातात शस्त्र नव्हतं, आवाज होता. ओरडून सावध केलं आणि गोळ्या झेलल्या. अशोक चक्र. तुकाराम ओंबळे, सहायक उपनिरीक्षक. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटी. हातात लाठी. समोरच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, म्हणून तो हल्लेखोर जिवंत पकडता आला. अशोक चक्र.

अशोक चक्र शांतताकाळासाठी आहे आणि नागरिकांनाही मिळतं. या तिघांच्या कामाच्या यादीत 'गोळ्या अंगावर घ्या' असं कुठे लिहिलं होतं?

तळटीप
सामूहिक सन्मानाचंही एक उदाहरण देतो. ब्रिटनचा जॉर्ज क्रॉस १९४० सालचा, मुख्यतः नागरिकांच्या धैर्यासाठीचा. एप्रिल १९४२ मध्ये तो अख्ख्या माल्टा बेटाला दिला गेला, बाँबवर्षाव सोसूनही उभं राहिलं म्हणून. आजही माल्टाच्या ध्वजावर तो आहे. असं आपल्याकडे एखाद्या उपकेंद्राला, एखाद्या तुकडीला देता आलं तर?

आणि पदक परत मागितल्याचं उदाहरण. डॉ. मेरी वॉकर, अमेरिकी यादवी युद्धातल्या शल्यचिकित्सक. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेली आजवरची एकमेव स्त्री. १९१७ मध्ये नियम कडक झाले, ९११ नावं यादीतून गळली, त्यांत यांचंही. त्यांनी पदक परत केलं नाही. १९१९ ला मरेपर्यंत रोज अंगावर घातलं. १९७७ मध्ये सन्मान पुन्हा बहाल झाला.

अनवट
तळटीप, परत मागितल्याचं लिहिलंत, तर परत केल्याचंही हवं. बाबा आमटे यांनी १९९१ मध्ये पद्मश्री आणि पद्मविभूषण दोन्ही परत केले, नर्मदेच्या खोऱ्यातल्या आदिवासींच्या बाजूने. तो सन्मान होता म्हणून परत करण्याला वजन आलं, हे मात्र मला आज हा धागा वाचताना पहिल्यांदा जाणवलं. सन्मानच नसता तर परत काय केलं असतं? साकवाचा मुद्दा मी सोडत नाही. पण अर्ज करू नका, एवढं माझं म्हणणं मागे घेतो.

मुक्काम_पोस्ट
नर्सबाईंसाठी वेगळा पुरस्कारही आहे हे कुणी लिहिलं नाही. राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार, १९७३ पासून. सहायक परिचारिकांनाही मिळतो, राष्ट्रपतींच्या हस्ते. माझी मावशी याच नोकरीत होती. तिच्या काळात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ओंजळ
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. परवा बाईंकडे जाऊन आले. सुभेदारकाकांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. "गेला नसता तर मेमो आला असता का?"

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठून आतून रजिस्टरं घेऊन आल्या. म्हणजे सरकारी नव्हेत, स्वतःच्या वह्या. प्रत्येक बाळंतपणाची तारीख, वेळ, वजन. मी मसुद्यात 'हजारो बाळंतपणं' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं. "हजारो नाहीत. मोज आणि लिही." आम्ही दोघी मोजत बसलो. सहाशे अठ्ठ्याऐंशी.

मग म्हणाल्या, "दोघी गेल्या. तेही लिही." त्या दोन्ही बायांची नावं त्यांना पाठ आहेत. एक ओढ्याच्या पलीकडेच गेली, वाहन मिळेपर्यंत. अर्जात हे लिहायचं का, म्हणून मी घुटमळले. त्या म्हणाल्या, "ते नसेल तर बाकीचं खोटं वाटेल."

अजून एक अट घातली. ओढा ओलांडताना त्यांचा हात धरायला नेहमी गावातली सुईण असायची. तिला पगार नव्हता. बाईंचं म्हणणं, नाव द्यायचं तर दोघींचं द्या. सुईणबाई सात वर्षांपूर्वी वारल्या. तळटीप, असं करता येतं का?

तळटीप
दोघांना मिळून देता येतो आणि तो एकच धरला जातो. डॉ. अभय आणि राणी बंग यांना २०१८ साली, डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री तसाच मिळाला. पण मरणोत्तर सहसा देत नाहीत. दिला तर निधन नुकतंच झालेलं लागतं. सात वर्षं म्हणजे नाही होणार. मात्र आठशे शब्दांत सुईणबाईंचं नाव, त्या काय करत आणि त्यांना पगार नव्हता हे सगळं बसतं. ते कुणी अडवू शकत नाही.

लामणदिवा
ओंजळ, त्या सहाशे अठ्ठ्याऐंशींपैकी काही जणांकडून पत्रं लिहून घे. अर्जाला लागोत न लागोत. बाईंच्या पेटीसाठी.

अनवट
आणि साकव नव्हता, हे वाक्य.

ओंजळ
आहे, अनवट. दुसऱ्याच परिच्छेदात आहे. साकव अजूनही नाही, हेही लिहिलं आहे. पत्रांचं काम त्या शिक्षिकेने घेतलं, काल नऊ आली.

सुरुवात अशी केली आहे, बघा: "पावसाळ्यातल्या एका रात्री ओढ्याला छातीएवढं पाणी असताना त्या सुईणबाईंचा हात धरून पलीकडे गेल्या."

सुभेदार_निवृत्त
'एका रात्री' नको. तारीख आणि वेळ टाका. वाचणाऱ्याला ती रात्र दिसली पाहिजे. वहीत असेलच.

ओंजळ
आत्ताच फोन केला. वही उघडायच्या आधीच त्यांनी सांगितलं. आषाढ अमावस्या, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं. मुलगा, दोन किलो चारशे. मग वहीत बघून म्हणाल्या, "दोन किलो साडेतीनशे. दुरुस्त कर."